खोडायचं नाही, उलट नोंद करायची

लीड्स,
8 फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सहा महिने नुसता अभ्यासक्रमच लिहितेस, शिकवतेस कधी?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं. फोनवर ते नीट सांगताही आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. बाहेर दुपारी चारलाच दिवे लागलेत आणि पाऊस चाललाय. तुमच्याकडे यार्डात नव्या हळदीची आवक सुरू झाली असेल.

आमच्याकडे नवी पदवी निघायची आहे, निम्मं व्यवसाय व्यवस्थापन आणि निम्मं संगणक. इथली पदवी तीन वर्षांची, 360 क्रेडिटांची, म्हणजे वर्षाला 120. एका क्रेडिटमागे मुलानं दहा तास घालायचे, वर्गातले आणि घरचे मिळून. आम्ही एक विषय 20 क्रेडिटांचा धरला, म्हणजे वर्षाला सहाच विषय बसतात. पाट सहा आणि पंगत पन्नासाची. संगणकवाले म्हणाले, गणिताचा पाया आणि प्रोग्रामिंग सोडून काही ऐकणार नाही. व्यवस्थापनवाल्यांना मार्केटिंग हवं, फायनान्स हवा, माणसं कशी सांभाळायची तेही हवं. शेवटी तीन तुमचे, तीन आमचे असं ठरलं आणि सगळे खूश होऊन चहाला गेले. भावकीत जमिनीची वाटणी होते ना, तशी. मध्ये बांध घातला की भांडण मिटलं.

मला तो बांधच खुपत होता. मुलगा सोमवारी प्रोग्रामिंग शिकणार, बुधवारी अकाउंट्स, आणि दोन्हीचा सांधा कुठे आहे ते शोधायचं अठरा वर्षांच्या पोरानं! शिकवणाऱ्या दोघांची वर्षभरात गाठ पडली तरी पुष्कळ. आमच्यातला एक जर्मन सहकारी म्हणाला, त्यांच्याकडे या विषयाला स्वतःचं एकच नाव आहे, 'विर्टशाफ्ट्सइन्फॉरमाटिक', आणि त्याचे प्राध्यापकही वेगळे असतात. आम्ही मात्र अजून ठिगळं जोडतोय.

खरं तर या देशात हे कोडं एका चहावाल्यानं कधीच सोडवलं होतं. लायन्स नावाची कंपनी होती, गावोगावी चहाची दुकानं चालवणारी. तिनं स्वतः संगणक बांधून घेतला, नाव लिओ, आणि 1951 च्या नोव्हेंबरात त्यावर बेकरीच्या मालाचा हिशेब चालवला. धंद्याचं नेहमीचं काम करणारा जगातला पहिला संगणक म्हणून त्याचं नाव घेतात. पुढे दुकानांच्या मागणीचं कामही त्यावर आलं. आता रोज प्रत्येक दुकानाची सगळी यादी कोण भरणार? म्हणून ठरलेली मागणी संगणकातच ठेवायची, आणि दुकानातल्या बाईंनी फोनवर फक्त आज काय कमी-जास्त तेवढं सांगायचं. आई कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडते ना, रोजचं एक लिटर कधी लिहीत नाही, तसंच. ही युक्ती नुसतं यंत्र कळणाऱ्याला सुचत नाही आणि नुसतं दुकान कळणाऱ्यालाही. त्याच लिओवर काम केलेले फ्रँक लँड 1967 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले आणि तिथे हा विषय शिकवू लागले. म्हणजे आमच्या विषयाचं कूळ शोधत गेलं तर चहाच्या टपरीपाशी पोचतं. (टपरी म्हटलेलं इथल्यांना आवडणार नाही.)

तर मी बैठकीत म्हटलं, पहिल्या वर्षातला एक विषय दोघांच्या सामाईकातला काढा, तो मी लिहिते. आणि लिहायला बसले तेव्हा डोळ्यापुढे आलात तुम्ही, अडतीवरच्या गादीवर, पुढ्यात लाल कापडी बांधणीची, रोजच्या नोंदींची किर्द घेऊन.

तुम्हाला आठवतं का, मी सातवी-आठवीत असेन, दिवाळीच्या सुट्टीत दुकानात बसले होते. नव्या पोरानं 38 पोत्यांची 83 पोती लिहिली. तुम्ही त्याला ओरडला नाहीत. म्हणालात, "अडतीस ऐकलं की आधी आठच कानावर पडतो, त्यात पोराचा काय दोष." पण त्यानं खोडायला पेन उचललं तेव्हा त्याचा हात धरलात. आधी 83 रद्द करणारी उलट नोंद, मग 38 ची नवी, शेजारी कारण आणि सही. "खोडलेला आकडा चोरीचाच दिसतो, केलेली नसली तरी." (हे मी त्या जर्मनाला सांगितलं तर तो हसायला लागला. त्यांच्याही भाषेत आठ आधी आणि तीस मागून!)

माझा विषय त्या एका नोंदीवर उभा आहे. इथल्या दुसऱ्या वर्षाच्या अकरा मुलांवर तो करून पाहिला. पहिले दोन आठवडे संगणक बंद. प्रत्येकाला अडतीच्या एका दिवसाच्या चिठ्ठ्या दिल्या, कुणाचा माल, तोल किती, सौदा काय भावानं तुटला, हमाली, तोलाई, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात द्यायची हिशेबाची पट्टी. हातानं किर्द लिहा आणि मग एकेकाच्या खात्यावर नोंदी नेऊन खतावणी करा. एका चिठ्ठीत मी मुद्दाम तीच 83 ची चूक ठेवली होती आणि दुरुस्तीची चिठ्ठी मागाहून दिली. अकरापैकी नऊ जणांनी सरळ रबर फिरवलं. तिसऱ्या आठवड्यात तेच काम डेटाबेसमध्ये केलं, तर तिथे रबराचीही गरज नाही. एक आज्ञा दिली की जुना आकडा गेला, नवा बसला, मागमूस नाही. मग मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मी शेतकरी, कालच्या पट्टीवर 83 होते, आज 38 कसे? कुणाकडेच उत्तर नव्हतं. एक मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण कंप्युटर तर 38 म्हणतोय." मी म्हटलं, पुढचा तास याच वाक्यावर.

कारण या देशानं त्या वाक्याची फार मोठी किंमत दिलीय. पोस्टाचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेल. होरायझन नावाची संगणक प्रणाली 1999 पासून पोस्टाच्या शाखांत बसवली, आणि गावोगावच्या सब-पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. नऊशेहून जास्त माणसांवर गुन्हे शाबीत झाले, काही तुरुंगात गेली, काहींनी पदरचे पैसे भरून तूट भागवली. 2019 साली हायकोर्टानं सांगितलं की दोष प्रणालीतच होते. 2024 मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. मला सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. बाहेर बसलेल्या तंत्रज्ञांना शाखेच्या हिशेबात शाखेला न कळवता नोंद घालता येत होती, आणि हे वर्षानुवर्षं नाकारलं गेलं. तुमच्या किर्दीत रात्री कुणीतरी येऊन ओळ लिहून जावी आणि सकाळी तूट तुमच्याकडे मागावी, असंच झालं की ते.

बैठकीत हे मांडल्यावर एक प्राध्यापक म्हणाले, ही नीतिमत्ता झाली, तिसऱ्या वर्षाला एक तास ठेवू. मी चिडले. दुसऱ्या कुणाच्या नोंदीवर आपला हात पडला तर त्याची खूण राहिली पाहिजे, ही डेटाबेसचा तक्ता आखतानाच ठरवायची गोष्ट आहे, तिसऱ्या वर्षाचं प्रवचन नव्हे. बरीच खडाजंगी झाली. विषय राहिला, पण त्याच्या बदल्यात मार्केटिंग दुसऱ्या वर्षात ढकलावं लागलं आणि गणित थोडं कापलं. गणित कापल्याचं मला अजून बरं वाटत नाही. बाहेरून मान्यता द्यायला येणारी समिती तिथेच बोट ठेवणार, आणि ठेवलं तर मी काय सांगणार ते अजून सुचलेलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मध्ये एक वर्ष कंपनीत काम करायची सोय मात्र सगळ्यांना मान्य झाली, त्यात कुणाचा विषय जात नव्हता ना!

चिऊच्या कॉलेजचं दादानं विचारलं होतं. तिला सांगा, पुण्यातलं बीबीए सीए (सीए म्हणजे इथे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) म्हणजे पूर्वीचं कॉमर्सखालचं बीसीएच, नाव बदललेलं, त्यामुळे नावावर जाऊ नकोस. 2024 पासून या अभ्यासक्रमांना सीईटी आहे, तिचा अर्ज वेळेत भरायला दादाला बजावा. कॉलेज बघायला जाल तेव्हा तिनं एवढंच विचारावं, अकाउंट्स शिकवणारे आणि डेटाबेस शिकवणारे मिळून एखादं प्रोजेक्ट घेतात का. गोंधळलेले चेहरे दिसले तर दुसरं कॉलेज बघा.

आता माझं एक काम. माळ्यावरच्या ट्रंकेत तुमच्या जुन्या किर्दी असतील, पुराचं पाणी लागलेल्या सोडून. त्यातलं उलट नोंद असलेलं एक पान शोधा आणि दादाकरवी फोटो पाठवा. शेतकऱ्यांच्या नावांवर कागद ठेवायला सांगा, आकडे आणि तुमची सही तेवढी दिसू दे. तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका, डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नाही. थेंब वेळेवर घालताय ना? आईला सांगा, पाठवलेलं मेतकूट संपलं.

तुमची,
बेबी