माहिती शोधायला शाळेतच शिकवा

संपादक महोदय,

ग्रंथालयशास्त्रात संशोधन म्हटलं की लोकांना अजून पुस्तकांवर नंबर घालणंच आठवतं. पण आता मोठं काम माहिती साक्षरतेचं आहे, म्हणजे माहिती कुठे शोधायची, ती कोणी लिहिलीय, कधीची आहे आणि दुसरीकडे ताडून कशी बघायची. अमेरिकेतल्या माहिती उद्योग संघटनेचे अध्यक्ष पॉल झुरकोवस्कींनी हा विषय १९७४ सालीच मांडला, इंटरनेट घरोघरी यायच्या कितीतरी आधी!

माझ्या मुलीने अकरावीत खाजन शेतीवर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या गोव्यातल्या शेतीवर, प्रोजेक्ट केला, पहिल्या लिंकवरचं जसंच्या तसं उतरवलं आणि संदर्भ म्हणून फक्त ‘गूगल’ लिहिलं, त्यावरही लाल शाईची बरोबरची खूण. चूक पोरीची नाहीच, तिला कोणी शिकवलंच नाही.

पणजीत १८३२ पासूनची लायब्ररी आहे, आज सोळाव्या शतकातले गोव्याचे लेखक कृष्णदास शामा यांच्या नावाने, तिथे जुनी वर्तमानपत्रं, गोव्यावरची पुस्तकं सगळं आहे. मुलांना तिथे नेऊन एक विषय द्या आणि शोधू द्या ना. शाळेच्या ग्रंथपालांना टाइमटेबलमध्ये आठवड्याला एक तास हवाच, आणि प्राध्यापक मंडळींनी आपलं संशोधन शिक्षकांना कळेल अशा मराठी-कोंकणीत द्यावं, ही कळकळीची विनंती.

- एक पालक, म्हापसा