आप्पा, ते दहा गुंठे विकू नका

पुणे, जुलै 2025

ती. आई आणि आप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री फोन ठेवला आणि झोपच लागली नाही. ओढ्याकडच्या दहा गुंठ्यांना गिऱ्हाईक आलंय आणि आप्पा इसार घ्यायला तयार आहेत, असं दादा म्हणाला. मागून आई, तुझा आवाज आला, "जमीन काय वर न्यायची हाय व्हय? पोरगी शिकंल की." मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. आप्पा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

दादाची छकुली इंजिनिअर व्हावी असं मलाही तुमच्याइतकंच वाटतं. पण इसार घेऊ नका.

मला 2003 सालचा जून आठवतो. आप्पा, तुम्ही इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मला तालुक्याच्या बँकेत नेलं होतं. साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "तारण काय देणार?" एवढंच विचारलं. तुम्ही सातबारा पुढे केला, तर म्हणाले, याच्यावर सोसायटीचा बोजा आहे, चालणार नाही. परतताना एसटीत तुम्ही घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. चार दिवसांनी आईच्या हातात पाटल्या नव्हत्या, आणि श्रावणाच्या आत म्हैस बाजारात गेली. गाभण होती ती. पुढे नोकरीला लागल्यावर कधीतरी मला कळलं, की 2001 पासूनच बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं. माझी चारही वर्षांची फी त्यात बसली असती. त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून मी रडले होते. आई, तेव्हा हे ठाऊक असतं, तर तुझ्या पाटल्या आज तुझ्या हातात असत्या.

म्हणून या वेळी मी आधी सगळं विचारून, वाचून घेतलंय.

दादाला कुणीतरी सांगितलंय, की मॅनेजमेंट कोट्यातून आत्ताच सीट धरून ठेवा, मागाहून मिळणार नाही. त्यासाठीच जमिनीचा विषय निघाला ना? तिथेच खरी मेख आहे. 2024-25 पासून सरकारनं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. आधी निम्मंच माफ होतं. अट अशी, की घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेली की ही माफी हातची गेली. अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही. म्हणजे दहा गुंठे विकून आपण काय विकत घेणार, तर चार वर्षांची पूर्ण फी! छकुलीचे सीईटीचे मार्क चांगले आहेत. कॅपमध्ये नावाजलेलं कॉलेज कदाचित मिळणार नाही, जरा लांबचं मिळेल. मिळू दे. पोरगी हुशार आहे, कुठेही शिकेल.

आप्पा, तुम्ही काय म्हणाल हेही मला माहीत आहे. तुम्ही साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात शिकलात. कर्मवीर अण्णांनी 1947 साली काढलेल्या त्या कॉलेजात 'कमवा आणि शिका'मधून सकाळी शेतावर राबून मग वर्गात बसायचात, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे सांगताना तुमचा आवाज दर वेळी जड व्हायचा. शिक्षणासाठी विकलेलं वाया जात नाही, हे तुमच्या मनात तिथूनच पक्कं बसलंय. पण आप्पा, त्या माउलीपुढे पोरांच्या ताटात भाकरी वाढायला दुसरी वाटच नव्हती. आपल्यापुढे आज आहे. आणि त्या दहा गुंठ्यांच्या उसावर तुमची बीपीची गोळी आणि आईच्या गुडघ्याचं औषध चालतं, ते कुठून आणणार?

राहिला वरचा खर्च. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे माफीत येत नाही, ते आपल्यालाच बघायचंय. आपली जमीन सगळी मिळून दीड एकर, म्हणजे आपण अल्पभूधारक. अशा घरातल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, फीमाफीसारखा त्याचा अर्जही महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवरच करायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर कर्ज काढू. आता साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, दादा सहकर्जदार राहील, आणि शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. तोवर दरमहा व्याज भरत राहिलो तर मागाहून डोंगर होत नाही. ते व्याज मी भरेन. हे उपकार म्हणून लिहीत नाही. पाटल्यांचं मला कधीच फेडता येणार नाही, निदान एवढं तरी करू द्या.

दादाला सांगा, उद्याच सेतू केंद्रात जा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल हे सगळं आत्ताच काढायला टाकायचं. जातवैधतेचं प्रकरण टाकलंय का, तेही बघायचं. कागद वेळेवर आला नाही म्हणून पोरांचे प्रवेश अडकतात. छकुलीच्या बँक खात्याला आधार जोडलंय का, ते तिनं स्वतः जाऊन विचारावं. शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षी नव्यानं भरावा लागतो, ते काम तिनंच शिकून घ्यायचं. आणि कॉलेजनं "आधी पूर्ण फी भरा, मग बघू" म्हटलं, तर एक रुपया न भरता मला फोन करायचा. मी रजा टाकून येईन.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतेय. सातबारा, आठ-अ आणि रेशनकार्ड पत्र्याच्या पेटीतून काढून ठेवा. आई, माझ्यासाठी काही करत बसू नकोस, भाकरी आणि ठेचा पुरे. आणि आप्पा, ते गिऱ्हाईक त्याआधी आलं, तर त्याला चहा पाजा आणि सांगा, लेक येतेय, तिच्याशी बोलल्याशिवाय काही नाही.

तुमची,
धाकटी