आशाताई, तुम्ही परत मागून घेतलेल्या गोळ्यांबद्दल

आशाताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायला मी दोनदा घरी आले. दोन्ही वेळा तुम्ही चहा टाकलात आणि माझ्या हिमोग्लोबिनवर बोलायला लागलात. म्हणून आता लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. माझ्यासारखी एखादी आत्ता या क्षणी पोट धरून पडली असेल आणि घरचे "दोन दिवस बघू" म्हणत असतील. तुमचं खरं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही; आमच्या गावच्या आशा कार्यकर्ती म्हणून नुसतं आशाताई म्हणते.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. पाळी दहा दिवस चुकली तेव्हा तुम्हीच निश्चय किट आणून दिलंत. दोन रेषा आल्या. सासूबाईंनी तुमच्या हातावर साखर ठेवली आणि तुम्ही माझ्या हातावर फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलंत. "रोज एक, विसरायची नाही." मी विसरले नाही.

चार दिवसांनी अंगावरून काळपट डाग जायला लागले. ओटीपोटात उजवीकडे कळ यायची आणि जायची. एका दवाखान्यात पित्ताची गोळी मिळाली. टोमॅटोचा तोडा चालू होता, संध्याकाळी गाडी नारायणगावला जायची, त्यामुळे मी क्रेट भरत राहिले. तुम्ही बांधावरून चालला होतात. मला वाकलेलं पाहून थांबलात आणि एकच विचारलंत, "दोन्हीकडे दुखतंय का एकाच बाजूला?" एकाच बाजूला, म्हटल्यावर तुम्ही माझ्या हातातला क्रेट खाली ठेवलात. त्याच दुपारी आपण सोनोग्राफीला गेलो.

गर्भाची पिशवी रिकामी होती. पिशवीला जोडलेल्या उजव्या नळीत दोन सेंटिमीटरची गाठ दिसत होती. रक्तातला बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकाचा आकडा, १,८५० आला, दोन दिवसांनी २,२००. गर्भ पिशवीत नीट रुजला असता तर या दिवसांत दोन दिवसांत हा आकडा बराच जास्त चढला असता, जवळपास दुप्पट, असं डॉक्टर म्हणाल्या. मला त्या आकड्यांपेक्षा त्यांचा थांबलेला आवाज जास्त कळला.

मी एकच प्रश्न विचारत होते. हे वाचवता येईल का? सासूबाईंचा प्रश्न त्याहून साधा होता: "नळीतनं उचलून पिशवीत ठेवता येत नाही का?" डॉक्टरांनी सांगितलं की असं करता येत नाही, जगात कुठेच नाही. एकदा रुजलेला गर्भ उपटून दुसरीकडे लावता येत नाही. शंभर गरोदरपणांत एखाद-दुसरं असं पिशवीबाहेर राहतं आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त नळीतच असतात. मला ते ऐकू येत होतं पण आत शिरत नव्हतं. मग बाहेरच्या बाकावर तुम्ही आमच्या भाषेत सांगितलंत. "ड्रिपच्या नळीत बी अडकलं, कोंब फुटला, तर त्याचं झाड होईल का? नळी फुटेल. पाणी सगळं वाया जाईल. इथं पाणी म्हणजे तुझं रक्त आहे."

कुणाच्या तरी ओळखीतल्या बाईचं बाळ म्हणे पिशवीबाहेर वाढून जन्मलं होतं. घरात दोन दिवस तीच चर्चा. तुम्ही ती उडवून लावली नाहीत, डॉक्टरांना फोन लावून माझ्याच कानाला दिलात. त्या म्हणाल्या, पोटाच्या पोकळीत वाढलेली अशी उदाहरणं फार क्वचित घडतात. तिथे वार आतड्यांना चिकटते, आईचा जीव धोक्यात असतो, आणि अनेकदा बाळही राहत नाही. नळीतल्या गर्भाला तेवढीही वाट नसते. नळी काही मिलिमीटरची. मला खोटी आशा दिली असती तर मी ती घट्ट धरून बसले असते, ताई. त्या दिवसांत मला खोटं न बोलणारं माणूस हवं होतं.

गर्भाचे ठोके दिसत नव्हते, गाठ लहान होती, आकडा पाच हजारांच्या आत होता, म्हणून आधी इंजेक्शन देऊन बघायचं ठरलं. मेथोट्रेक्सेट. यांनी मोबाइलवर वाचलं की ते कॅन्सरला आणि संधिवातालाही देतात, आणि रात्रभर झोपले नाहीत. इंजेक्शनच्या आधी यकृत, किडनी, रक्त सगळं तपासलं. ते औषध वाढणाऱ्या पेशींना फोलिक अ‍ॅसिड वापरू देत नाही, म्हणून वाढ थांबते.

त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात आणि तुम्हीच दिलेलं पाकीट परत मागितलंत. नऊ गोळ्या उरल्या होत्या. मी त्या उशाशी ठेवल्या होत्या. तुम्ही पाकीट पदरात बांधलंत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तशाच बसून राहिलात. त्या वेळी काहीच बोलला नाहीत, ते बरं झालं.

जाताना मात्र सासूबाईंना, यांना आणि मला समोर बसवून बजावलंत. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासायचं. एकटीने राहायचं नाही. आणि खांदा दुखला, चक्कर आली, तर रात्र असो का पहाट, तुम्हाला उठवायचं. खांद्याचं ऐकून सासूबाईंना नवल वाटलं. पोटाच्या आजाराला खांदा कशाला दुखेल?

चौथ्या दिवशी आकडा थोडा चढला, २,४०० झाला. असं होऊ शकतं, सातव्या दिवशी उतरायला हवा, असं सांगितलं होतं. सातवा दिवस बघायला मिळाला नाही. सहाव्या रात्री उजवा खांदा ठणकायला लागला. हे झोपेतच म्हणाले, क्रेट उचलून भरला असेल. क्रेटला तर मी दहा दिवसांत हात लावला नव्हता. मी उठून बसले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा तुमचं वाक्य आठवलं. नळी फुटून पोटात रक्त साचलं की ते वर छाती आणि पोटामधल्या पडद्याला लागतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं, हे मला नंतर कळलं. त्या रात्री एवढंच ठाऊक होतं की ताईंनी उठवायला सांगितलंय.

तुम्ही १०८ ला फोन करून चपलाही न घालता आलात. गाडीत माझे पाय तुमच्या मांडीवर उंच धरून बसलात. मी "झोपू का?" विचारत होते आणि तुम्ही मला माझ्या माहेरच्या गल्लीतली घरं मोजायला लावत होतात. पोट उघडलं तेव्हा दीड लिटर रक्त निघालं. उजवी नळी काढावी लागली. दोन पिशव्या रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी सगळे दमलेले असताना तुम्हीच सिस्टरना आठवण केलीत, "हिचा गट निगेटिव्ह आहे, अँटी-डी दिलं का?" निगेटिव्ह गटाच्या बाईला ते इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. पुढच्या बाळासाठी.

तुमच्या वहीत यातलं काय लिहिता आलं असेल? बाळंतपण नाही, लसीकरण नाही. ज्या कामांचा मोबदला मिळतो त्यांत ही रात्र कुठेच बसत नसणार.

त्यानंतरचं मला जास्त लागलं. वाडीत कुणीतरी म्हणालं, औषध घेऊन पाडलं. मला स्वतःलाही तसंच वाटायचं. रात्री उठून मी हिशोब करायचे, इंजेक्शन नको म्हटलं असतं तर, अजून एक आठवडा थांबले असते तर. हळदीकुंकवाला ही कुजबुज तुमच्या कानावर गेली तेव्हा तुम्ही भरल्या घरात उभं राहून सांगितलंत, "तिने काही पाडलं नाही. ते राहणारच नव्हतं. थांबली असती तर तीही राहिली नसती." सासूबाई त्या दिवशी घरी येऊन माझ्याजवळ बसल्या आणि पहिल्यांदा माझ्याबरोबर रडल्या.

एक नळी शाबूत आहे, तेवढ्यावरही दिवस राहतात, हे डॉक्टरांनी सांगितलंय. पुन्हा नळीतच राहण्याची शक्यता साधारण दहात एक असते, तेही लपवलं नाही. पाळी चुकली की लगेच तुम्हाला सांगायचं आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून पिशवी बघायची, असं आपलं ठरलंय.

इंजेक्शननंतर तीन महिने थांबायला सांगितलं होतं. मी दिवस मोजत नव्हते, तुम्ही मोजत होतात. परवा सकाळी मी भाकरी थापत होते. तुम्ही दारातून आत आलात, फोलिक अ‍ॅसिडचं नवं पाकीट चुलीशेजारच्या फळीवर ठेवलंत आणि "रोज एक" म्हणून पुढच्या घरी निघून गेलात.

आज तिसरी घेतली.

तुमची,
मळ्यातली सून