आजीपुढे एकदा गा

सातारा

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू माझ्या मोबाईलवर ऑस्ट्रेलियाच्या मिडनाइट ऑइल या बँडची गाणी घालून गेलास. ‘बेड्स आर बर्निंग’चा अर्थ ताईकडून समजून घेतला. तिथल्या वाळवंटातल्या पिंटुपी आदिवासींना त्यांच्या मुलखातून हलवलं, ती जमीन त्यांची त्यांना परत करा, असं हे सिडनीचे गोरे गाणारे सांगतात. ऐकता ऐकता माझे डोळे भरून आले. आपल्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे, हे तुला माहीत आहे. सारे कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात. आजी मात्र अजून ‘आमच्या वरच्या वावरात’ असंच बोलते, आणि ते वावर कुणीच बघितलेलं नाही.

मला त्या गाण्याहून मोठा वाटला तो त्यांचा १९८६ चा दौरा. सिडनीत गर्दी खेचणारी ही माणसं आदिवासींच्या वारुम्पी बँडला सोबत घेऊन धुळीच्या रस्त्यांनी वाड्यावस्त्यांवर गेली आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्यासमोर बसून वाजवलं. हे गाणं असलेला ‘डिझेल अँड डस्ट’ हा अल्बम त्यानंतर आला, १९८७ मध्ये. आधी जाऊन आले, मग गायले. आमच्या माळावरच्या पुनर्वसन वस्तीत नकाशे घेऊन माणसं आली, मतं मागायला आली. आमचं गाणं घेऊन कुणी आलं नाही रे.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या सांगता समारंभात ते काळ्या कपड्यांवर ‘सॉरी’ लिहून उभे राहिले. आदिवासींची माफी मागायला नकार देणारे पंतप्रधान हॉवर्ड समोर बसले होते. सरकारची माफी आली ती २००८ मध्ये, आणि तेव्हा त्यांचा गायक पीटर गॅरेट स्वतः मंत्री होता! हे वाचून मला फार बरं वाटलं. पण युरेनियमच्या खाणींना जन्मभर विरोध केलेल्या त्याच गॅरेटने पर्यावरणमंत्री म्हणून २००९ मध्ये फोर माइल खाणीला मंजुरी दिली. पक्षाचं धोरण असेल, तरी सही त्याची होती. हे मनाला लागलं. २०१७ मध्ये बँड पुन्हा उभा राहिला, २०२२ मध्ये शेवटचा दौरा झाला, आणि लोक शेवटपर्यंत ऐकायला आले. त्याचं मला आश्चर्य वाटत नाही. ज्यांच्या दारात जाऊन गायलास ती माणसं तुला सहज सोडत नाहीत.

बाबा म्हणतात, गाण्यात राजकारण नको, पुढे नोकरीला नडेल. त्यांची काळजी खोटी नाही. पण मी म्हणते, गा. धरणावरचं तुझं नवं गाणं पुण्याच्या कार्यक्रमाआधी एकदा आजीपुढे गा. कोयना धरणाच्या शिवसागराचं पाणी उतरलं की मे महिन्यात ये. तुझा बँडही घेऊन ये, सगळ्यांची झोपायची सोय करते. चुकलेलं असेल तिथे आजी थांबवेल, गावांची नावं तीच नीट सांगेल, ती लिहून घे.

तिला आता उजव्या कानानेच ऐकू येतं. त्या बाजूला बस.

तुझी,
आई