काका, तो जावक क्रमांक तुम्ही तपासायला लावलात म्हणून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरी आणून दिलं असतं, तर "कशाला गं हे" म्हणून तुम्ही घडी घालून खिशात टाकलं असतंत. म्हणून चारचौघांत लिहितेय.

खरं सांगायचं तर आमचं घर बांधायला आलेला तो पहिला कंत्राटदार आम्हाला पसंत पडला होता. मोबाइलमध्ये अकरा बंगल्यांचे फोटो, पीओपीचं छत, एका ठिकाणी तर जिन्याखाली कारंजं! ह्यांनी टोकनचे दोन लाख बाजूला काढूनही ठेवले होते. तुम्ही चहा पिता पिता फोटो पाहिलेत आणि एवढंच विचारलंत, "यातल्या किती घरांना भोगवटा मिळालाय?" भोगवटा म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे झालंय, आता राहायला जा, असा दाखला.

"परवानगीचं आर्किटेक्ट बघतो काका, आपण फक्त बांधतो," तो हसून म्हणाला.

तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "परवानगी मालकाच्या नावाने निघते, मग एमआरटीपी या नगररचना कायद्याच्या ५३ कलमाची, बेकायदा बांधकाम पाडायची नोटीसही मालकाच्याच दारात येते. हा तोवर दुसरीकडे स्लॅब टाकत असतो." नगररचना विभागात उभी हयात घालवलेल्या माणसाचं बोलणं ते. मला आपली सीसी (काम सुरू करायची परवानगी) आणि ओसी (भोगवटा) एवढीच अक्षरं ठाऊक. मध्ये जोते तपासणी, म्हणजे जोत्यापर्यंतचं काम मंजूर नकाशाशी ताडून बघणं, नावाचा प्रकार असतो हे तेव्हा कळलं.

त्याच्याकडूनच गोड बोलून चार घरांचे पत्ते काढले. माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही सांगितलात, मी लिहिला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. "प्रती नंतर मागू, आधी फाइल डोळ्यांनी बघायला माग. पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत," हेही तुमचंच. ३० दिवसांची मुदत ऐकून ह्यांची चुळबुळ चालली होती. पाऊस तोंडावर आलाय, तो माणूस दुसरं काम घेईल, वगैरे.

दोन घरांच्या फायलीत जोते तपासणीचा कागदच नव्हता. तिसऱ्याला मंजुरी तळमजला अधिक एक, आणि फोटोत दोन मजले वर. चौथ्याची फाइल काही सापडेना, पण त्या घराच्या परवानगीची झेरॉक्स कंत्राटदाराने आम्हाला मोठ्या अभिमानाने दिली होती. गोल शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मला त्यात खोट दिसली नसती. कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर जो नोंदवहीतला क्रमांक पडतो, त्या जावक क्रमांकावर तुम्ही बोट ठेवलंत आणि त्या वर्षाची जावक नोंदवही मागितलीत. त्या क्रमांकासमोर गटाराच्या तक्रारीला दिलेलं उत्तर होतं. तुम्ही मागची चार पानं पाहिलीत, पुढची चार पाहिलीत, चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "चल, निघू या."

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींची बातमी मी वाचली होती. बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची नोंदणीही मिळवलेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. पण ते मोठ्या शहरातलं, बिल्डर लोकांचं, असं वाटायचं. आपल्या चहाच्या कपाशेजारी तसाच कागद पडलेला असेल असं कुठे वाटतं?

एक गोष्ट मात्र तुमच्यामुळेच नीट समजली. भोगवटा नाही म्हणजे कंत्राटदार लबाडच, असं मी धरून चालले होते. बाल्कनी आत घेणारे, सामासिक अंतरात (घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) खोली काढणारे बरेचदा मालकच असतात आणि मग भोगवट्याला अर्ज करायला तेच घाबरतात, हे तुम्ही सांगितलंत. म्हणून दुसऱ्या कंत्राटदाराची चौकशी करताना आम्ही घरमालकांनाही भेटलो. त्याच्याकडे फोटो नव्हते. एका पिशवीत मजुरांच्या हजेरीची जुनी मस्टर आणि पाच भोगवट्यांच्या प्रती होत्या, पाचही नोंदवहीशी जुळल्या. चौरस फुटाला दीडशे रुपये जास्त घेतोय. ह्यांना अजून तो दर सलतो, मला नाही.

जोत्याचा दाखला आला. त्याची प्रत तुमच्या दाराच्या फटीतून आत सरकवलीय, नेहमीसारखी आधी जावक क्रमांक बघालच. रविवारी सकाळी सातला पहिला स्लॅब आहे. नारळ तुम्हीच फोडायचाय. आणि सळ्यांमधलं अंतर मोजायला टेप आणायला विसरू नका, मिस्त्रीला मी आधीच बजावून ठेवलंय की काका येणार आहेत.

तुमची,
समोरच्या बिऱ्हाडातली