कागद अजून माझ्याकडेच आहेत

सातारा, सप्टेंबर 2011

चि. अमोघ,

विसर्जनाच्या दिवशी तू फोन ठेवून दिलास, नाना म्हणाले जाऊ दे, दमलाय पोरगा. मीपण ठरवलंय की या मेलमध्ये कर्जाचा विषय काढायचा नाही. माईंची शुगर आता बरी आहे. तुझा निळा शर्ट इथेच राहिलाय.

तू म्हणालास अ‍ॅडोबीने ती आयरिडास कंपनी घेतली, आता त्यांच्या स्पीडग्रेडचे, म्हणजे व्हिडिओचे रंग सुधारायच्या त्या सॉफ्टवेअरचे, दिवस येणार, आणि तुझा पार्टनर होऊ घातलेला सलील म्हणतो आत्ताच कर्ज काढून कलरचा सूट, म्हणजे ती रंगाच्या कामाची खोली, उभा केला तर अंधेरीत आपण पहिले. असेल बाबा. पण रात्री झोप येईना म्हणून तुझ्याच जुन्या मेल काढून वाचत बसले. ते फायनलटच, तसलंच रंगाचं सॉफ्टवेअर, तूच लिहिलं होतंस, सिलिकॉन कलर नावाची छोटी कंपनी, सिनेमासाठीचं टू-के व्हर्जन 25 हजार डॉलरच्या आसपास, 2006 च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलने घेतली आणि पुढच्याच वर्षी 'कलर' म्हणून आपल्या एडिटिंगच्या तेराशे डॉलरच्या फायनल कट स्टुडिओत घालून टाकलं. तू केवढा खूश, कारण त्यावरच शिकलास. पण ज्याने आदल्या वर्षी कर्ज काढून 25 हजारवालं घेतलं असेल त्याचं काय झालं असेल रे? आणि या जूनमध्ये फायनल कट टेन आलं तीनशे डॉलरला, त्यात कलर नाहीच, वर जुनी प्रोजेक्टंही उघडत नाहीत.

दा विंचीचं तर बघ. रंगाच्या कामाची लाखो डॉलरची मशीनं विकणारी फ्लोरिडाची कंपनी, 2009 ला ब्लॅकमॅजिकने घेतली, गेल्या वर्षी त्यांचं सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह मॅकवर 995 डॉलरला आणि यंदा लाइट व्हर्जन चक्क फुकट. त्यांना परवडतं, ते रंगाची चाकं-बटणं असलेले पॅनल नि कॉम्प्युटरची कार्डं विकतात. अ‍ॅडोबीलाही स्पीडग्रेड एकटं विकण्यात काय रस असणार, त्यांच्या एडिटिंगच्या प्रीमिअरच्या जोडीला देऊन टाकतील असं मला आपलं वाटतं. मग ते गल्लोगल्ली असणार. सॉफ्टवेअर बंद पडेल ही माझी भीती नाहीच, स्वस्त होईल ही आहे, कारण हप्ता त्या हिशोबाने कमी होत नसतो.

काढलाच शेवटी विषय.

आमची बँक मोठ्या बँकेत गेली तेव्हा (तेही 2006 च बघ) साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, काही बदलणार नाही, फक्त पाटी. आणि आधी खरंच फक्त पाटीच बदलली! मग स्क्रीन बदलली. आमचे कुलकर्णी आधी डोळे मिटून एंट्री टाकायचे, तोच माणूस आता एका बोटाने की शोधत बसायचा आणि काउंटरसमोर लाइन दारापर्यंत. घरी जाताना बोलायचे नाहीत कुणाशी. असो. कुठून कुठे गेले.

शीतलच्या लग्नाचं तू कलर करत होतास ना, मी मागे उभी होते. माईंचा चेहरा ट्यूबलाइटने हिरवट आलेला. तू माउसने ते रंगाचं चाक जरासं सरकवलंस नि हिरवं गेलं, लुगड्याचा जांभळा मात्र आहे तस्सा! मी म्हटलं कसं काय, तर म्हणालास आई, फक्त स्किन की केलीये, म्हणजे तेवढाच रंग निवडलाय, बाकी फ्रेमला हात नाही. नानांना काही कळलं नाही, मी मात्र भिशीत सगळ्यांना सांगितलं. लहानपणी टीव्हीचं बटण पिळून बातम्या देणारीला हळद लावायचास म्हणून नानांचा मार खाल्लायस, हेपण सांगितलं.

तर, सध्या दुसऱ्याचा सूट शिफ्टवर भाड्याने घे. घ्यायचाच तर चांगला मॉनिटर घे, कुणी कुणालाही विकत घेतलं तरी तो चालतो. पॅनल दुसऱ्या सॉफ्टवेअरला लागतं का विचार, अपग्रेड कितीला नि कोण देणार ते डीलरकडून लेखी घे. आणि सलीलच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही करू नकोस. पार्टनरशिप वेगळी, जामीन वेगळा, सही करताना सगळे मित्रच असतात, नोटीस आली की... बास. सॉरी, परत लेक्चर झालं. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण सही करू नकोस.

कोटेशन मेल कर, आकडे मी बघते. शाहूपुरीच्या फ्लॅटचे कागद माझ्या लॉकरमध्ये आहेत. नानांकडे मागू नकोस, ते लगेच हो म्हणतील.

आई