न विकलेल्या स्पेक्ट्रमचाही हिशेब छापा

महोदय,

स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल सेवेला लागणाऱ्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचा, सरकारी लिलाव आटोपला की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तिजोरीत आलेल्या कोटींचा आकडा झळकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये दीड लाख कोटी आले, वाहवा झाली. जून २०२४ मध्ये ११,३४० कोटींवर भागले, तर लिलाव फसला म्हणून मोकळे. पडून किती राहिले, ते आतल्या पानात शोधावे लागते.

मी बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालो. वागळे इस्टेटमधले जप्त गाळे लिलावात काढणे हे माझे काम. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचे नाही ती किंमत, फुगवली की अनामत भरायलाही कोणी फिरकत नाही. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा नोटीस आणि शेवटी किंमत उतरवायचीच. गाळा निदान वर्षभराने तोच गाळा असतो. स्पेक्ट्रमचे वापराविना गेलेले वर्ष मात्र पुन्हा विकायला काढता येत नाही.

२०१० चा थ्रीजी लिलाव ३४ दिवस, १८३ फेऱ्या चालला. त्यात चढलेले भाव डोळ्यांपुढे ठेवून नोव्हेंबर २०१२ मध्ये १८०० मेगाहर्ट्झ या पट्ट्याची राखीव किंमत ठरली : देशभरातल्या पाच मेगाहर्ट्झला १४,००० कोटी. मुंबई सर्कलसाठी, म्हणजे दूरसंचाराच्या मुंबई विभागासाठी, ज्यात आपले ठाणे आणि नवी मुंबईही येते, एकही बोली आली नाही. ७०० मेगाहर्ट्झची कथा त्याहून वाईट. भिंतींतून आत शिरणारा हा पट्टा २०१६ मध्ये मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटींनी काढला. कोणी हात लावला नाही. २०२१ मध्ये किंमत उतरवूनही तेच. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आणली, तेव्हा एका कंपनीने राखीव किमतीलाच दहा मेगाहर्ट्झ उचलले. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत आतल्या खोलीत ज्यांचा फोन लागत नाही, त्यांना या पट्ट्याचे मोल वेगळे सांगायला नको.

लिलावाची पद्धत मात्र हुशारीची आहे. आमच्या ई-लिलावात सगळे शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत गप्प. इथे गप्प बसलात की पुढच्या फेऱ्यांत बोली लावण्याची पात्रताच घटते. सगळी सर्कल एकाच वेळी खुली असल्याने मुंबई महागली तर पैसा दुसरीकडे वळवता येतो. पण बोली लावणारे तीनच उरले की काय होणार? २०२४ चा लिलाव सात फेऱ्यांत संपला.

राखीव किंमत नकोच, असे माझे म्हणणे नाही. १९९९ मध्ये जर्मनीत एका कंपनीने दहापैकी पाच पट्ट्यांवर मेगाहर्ट्झला २० दशलक्ष मार्कांची आणि उरलेल्या पाचांवर १८.१८ ची बोली लावली. किमान वाढ दहा टक्क्यांची, १८.१८ वर दहा टक्के चढवले की बरोबर वीस. समोरच्याने खूण ओळखली : ती पाच तू वीसला घे, ही पाच माझी. पाच-पाच वाटून घेऊन दुसऱ्या फेरीत खेळ खलास. असल्या समजूतदारपणाला आळा म्हणून राखीव किंमत हवी, मागच्या लिलावातल्या विक्रमाची पावती म्हणून नको.

२०२४ मध्ये १०,५२२ मेगाहर्ट्झ विक्रीला होते, गेले १४१.४. पुढच्या वेळी कोटींच्या आकड्याशेजारी ही ओळही त्याच टायपात छापा, आणि न खपलेल्या पट्ट्यांची किंमत कोणत्या हिशेबाने ठरली, हे ट्राय (दूरसंचार नियामक) व दूरसंचार विभागाला विचारा.

– एक निवृत्त बँक अधिकारी, नौपाडा, ठाणे (प.)